ऐंशी चेंडूंनंतर कोणाचं ऐकायचं?

१३ एप्रिल २०२२ ची दुपार, मिनिआपोलिसमध्ये कडाक्याची थंडी. लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) क्लेटन कर्शॉ मोसमातला आपला पहिलाच सामना खेळत होता. वय ३४. नऊपैकी सात इनिंगमध्ये मिनेसोटा ट्विन्सचे २१ बॅटर त्याच्यासमोर आले आणि २१ च्या २१ बाद होऊन परतले. एकालाही पहिला बेस गाठता आला नाही. त्यातले १३ स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारताच न आल्याने बाद, आणि एवढ्यासाठी चेंडू लागले फक्त ८०. अजून सहा जण बाद झाले असते तर तो परफेक्ट गेम ठरला असता. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तोवर असे सामने झाले होते अवघे २३.

आठव्या इनिंगला मैदानात आला तो दुसराच पिचर. मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात) कर्शॉला बसवलं होतं. त्याच इनिंगमध्ये ट्विन्सने पहिला सिंगल (एका बेसचा फटका) मारला. डॉजर्स ७-० ने जिंकले, पण त्या विजयाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. माजी खेळाडू, समालोचक, प्रेक्षक सगळे खवळले होते. हाच रॉबर्ट्स २०१६ मध्ये मायामीत रिच हिलच्या बाबतीत असंच वागला होता, तेव्हाही सात इनिंग परफेक्ट होत्या, हेही लोकांनी उकरून काढलं.

कर्शॉ मात्र मॅनेजरच्या बाजूने उभा राहिला. दोष द्यायचाच तर लॉकआउटला द्या, जानेवारीपर्यंत चेंडू हातात न घेतलेल्या मला द्या, असं तो म्हणाला. असे विक्रम म्हणजे स्वार्थी उद्दिष्टं, आपल्याला जिंकायचंय, असंही म्हणाला. त्याआधीच्या शरद ऋतूत कोपराखालच्या स्नायूंच्या दुखापतीमुळे तो प्लेऑफला (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांना) मुकला होता. मग मालकांनी ९९ दिवस खेळाडूंना टाळं लावलं (हाच तो लॉकआउट) आणि सरावाचा काळ आखडला. नुसता पुरावा पाहिला तर ८० चेंडूंवर थांबणं रास्तच होतं.

मी रॉबर्ट्सच्या आणि कर्शॉच्या बाजूचा आहे. पण या प्रसंगाचं जे कौतुक नंतर झालं, की बघा, अनुभवी खेळाडू कसा संघाचा विचार करतो, ते मला पटत नाही. थांबायला शहाणपण लागतं हे खरं. मात्र थांबणं परवडावंही लागतं, आणि बेसबॉलमध्ये ते फार थोड्यांना परवडतं. खेळाडूच्या खांद्याचा निर्णय त्याच्या समंजसपणावर, प्रेक्षकांच्या दयेवर किंवा मॅनेजरच्या त्या दुपारच्या अंदाजावर सोडलेला असावा का, हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर नाही असं आहे.

आधी प्रेक्षकांबद्दल, कारण शिव्या त्यांनाच जास्त पडतात. त्या थंडीत कुडकुडत बसलेल्या माणसाला राग आला, यात मला काही गैर दिसत नाही. परफेक्ट गेम आयुष्यात एकदा तरी डोळ्यांनी पाहावा अशी आस धरून लोक वर्षानुवर्षं स्टेडियममध्ये जातात आणि न पाहताच म्हातारे होतात. समोर आलेला योग कोणीतरी हातातून काढून घेतला तर माणूस चिडणारच. हळहळ वाटणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे. गडबड होते ती हळहळीची मागणी होते तिथे, ‘त्याने टाकायलाच हवं होतं’ असं आपण म्हणतो तिथे. तिकिटाचे पैसे सामना बघण्याचे असतात. त्यात कोणाच्या खांद्यातले अस्थिबंध धरलेले नसतात.

ही मागणी पुरी झाली की काय होतं, याचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. मॅट हार्वी हा मेट्सचा तरणाबांड पिचर. २०१३ मध्ये कोपराची मोठी शस्त्रक्रिया झाली, २०१४ पूर्ण बाहेर, २०१५ ला परतला. सप्टेंबरमध्ये त्याच्या एजंटने जाहीर केलं की डॉक्टरांच्या मते या वर्षी १८० इनिंगच्या पुढे जाऊ नये. शहर पेटलं. पैशासाठी हात राखून ठेवतोय, संघाचं काही पडलेलं नाही, असे टोमणे सुरू झाले. काही दिवसांत हार्वीने माघार घेतली आणि आपण प्लेऑफ खेळणार हे सांगून टाकलं. १ नोव्हेंबरला वर्ल्ड सिरीजच्या (मोसमाच्या अंतिम मालिकेच्या) पाचव्या सामन्यात त्याने आठ इनिंग एकही धाव दिली नाही. मॅनेजर टेरी कॉलिन्सने त्याला बसवायचं ठरवलं होतं. हार्वी डगआउटमध्ये त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, मीच टाकणार म्हणून हटून बसला. वर स्टेडियम त्याच्या नावाचा गजर करत होतं. कॉलिन्स विरघळला. नवव्या इनिंगमध्ये एक वॉक (बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस), एक डबल (दोन बेसचा फटका), दोन धावा, बरोबरी. सामना बाराव्या इनिंगला गेला, मेट्स हरले आणि मालिकाही तिथेच संपली. प्लेऑफ धरून हार्वीच्या त्या वर्षीच्या इनिंग झाल्या २१६. पुढच्या जुलैमध्ये खांद्याजवळच्या नसांवर दाब येतो म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि जुना हार्वी परत कधी दिसला नाही.

त्या २१६ इनिंगमुळेच नसांचा त्रास झाला, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही; शरीराचा हिशोब इतका सरळ नसतो. मला खटकते ती निर्णयाची पद्धत. सप्टेंबरमध्ये शांत डोक्याने, डॉक्टरांना विचारून एक आकडा ठरला होता. नोव्हेंबरच्या रात्री ४४ हजार लोकांच्या आरोळ्यांत तो आकडा एका तरुणाच्या ‘मी ठीक आहे’ पुढे वितळला. आठ इनिंग शून्यावर रोखलेला पिचर ‘मी थकलोय’ असं कधीच म्हणणार नाही. तो खोटं बोलतो असं नाही. अंगात रग असते, वेदना त्या घटकेला कळतच नाही. म्हणूनच त्या क्षणी त्याला विचारूच नये.

जुनी मंडळी इथे हमखास एक मुद्दा काढतात: पूर्वीचे पिचर नऊच्या नऊ इनिंग टाकायचे, आताचे नाजूक. आकडे वरवर त्यांच्या बाजूचे आहेत. १९६६ मध्ये सँडी कोफॅक्सने एकट्याने २७ पूर्ण सामने टाकले. २०२४ मध्ये मेजर लीगच्या तीसही संघांतल्या सगळ्या पिचरांचे मिळून तीस पूर्ण सामने भरले नाहीत. पण ज्या कोफॅक्सचं उदाहरण छाती फुगवून दिलं जातं, त्याचं पुढे काय झालं? तो त्याच वर्षी निवृत्त झाला. वयाच्या तिसाव्या वर्षी.

कोफॅक्सवर थोडं थांबायला हवं, कारण या विषयावर त्याच्याइतकं स्वच्छ कोणी बोललेलं नाही. ब्रुकलिनचा ज्यू मुलगा, डॉजर्सचाच डावखुरा. १९६४ मध्ये दुसऱ्या बेसकडे परत झेपावताना कोपर आपटलं आणि पुढे संधिवाताचं निदान झालं. त्यानंतरचे दोन मोसम बेसबॉलच्या इतिहासातले सर्वोत्तम म्हणावेत असे: १९६५ मध्ये ३३५ इनिंग आणि ३८२ स्ट्राइकआउट, शिवाय एक परफेक्ट गेम, १९६६ मध्ये २७ विजय. या वैभवामागे कॉर्टिसोनची इंजेक्शनं होती, वेदनाशामक गोळ्या होत्या, सामन्याआधी हाताला चोळायचं मिरचीसारखं झोंबणारं मलम होतं आणि सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं कोपर होतं. १८ नोव्हेंबर १९६६ ला त्याने पत्रकारांना सांगितलं की खूप इंजेक्शनं झाली, खूप गोळ्या झाल्या. बेसबॉलनंतर बरीच वर्षं जगायचंय आणि ती धडधाकट शरीराने जगायचीत.

त्याच वर्षीच्या वसंतात पगारावरून कोफॅक्स आणि त्याचा सहकारी डॉन ड्रायस्डेल हे दोघे मिळून महिनाभर अडून बसले होते. तेव्हाच्या नियमांप्रमाणे खेळाडूला दुसऱ्या संघात जायची मुभा नव्हती. देतील ते घ्या नाहीतर घरी बसा. शेवटी सर्वांत महाग पिचरच्या पदरात सव्वा लाख डॉलर पडले. हात त्याचा, पण तो हात कुठे वापरायचा हे ठरवायचा हक्क क्लबचा. अशा माणसाला एकच निर्णय स्वतःच्या अखत्यारीत घेता येतो, थांबण्याचा. तो त्याने घेतला. त्याची आठवण काढून आजच्या पोरांना नाजूक म्हणणाऱ्यांनी हा दुसरा अर्धा भागही सांगावा.

आणखी एक. जुने पिचर कणखर होते असं आपल्याला वाटतं, कारण जे टिकले त्यांचीच नावं आपल्याला माहीत आहेत. नोलन रायन वयाच्या शेहेचाळिशीपर्यंत टाकत राहिला, म्हणून तो सगळ्यांच्या तोंडी. पंचविशीत खांदा गेला आणि गावाकडे परतून दुकान सांभाळलं, असल्यांची यादी कोणी ठेवली नाही. तेव्हा त्या दुखापतीला नावसुद्धा नव्हतं. ‘हात मेला’ एवढंच म्हणत.

नाव मिळालं ते १९७४ मधल्या शस्त्रक्रियेला, आणि तेही डॉजर्सच्याच एका खेळाडूचं. टॉमी जॉनच्या डाव्या कोपरातला अस्थिबंध तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी उजव्या हातातला स्नायुबंध काढून तिथे बसवला आणि यशाची शक्यता शंभरात एक एवढीच सांगितली. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. माणसाच्या चिवटपणाला आणि डॉक्टरांच्या कौशल्याला सलामच. पण या यशाची एक किंमत खेळाने मोजली, असं मला वाटतं. तुटलेलं जोडता येतं हे कळल्यावर तुटण्याची भीती गेली. संघांनी हिशोब मांडला की एक-दीड वर्ष जाईल, पण पोरगा परत येईल. हाताचं तुटणं हे संकट न राहता नियोजनातला एक रकाना झालं.

डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने स्वतःच पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला. वर्षभराचं काम, दोनशेहून अधिक जणांशी बोलणं. निष्कर्ष असा की प्रत्येक चेंडू जीव तोडून, जास्तीत जास्त वेगाने आणि जास्तीत जास्त वळवून टाकायचा हा आजचा धर्मच हात मोडतोय. वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ झाला. पिचरांनी जखमींच्या यादीत काढलेले दिवस २००५ मध्ये १३ हजारांच्या घरात होते, आता ३२ हजारांवर गेले आहेत. म्हणजे चेंडूंची संख्या कमी झाली आणि दुखापती वाढल्या. कोफॅक्स नऊ इनिंगची मजल डोक्यात ठेवून टाकायचा, काही बॅटरांसमोर हात सैल सोडायचा. आजच्या पिचरला सांगितलेलं असतं की पाच इनिंग जे आहे ते सगळं दे, मागे बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या जागेत) तुझ्यासारखे आठ जण बसलेत.

कर्शॉ हा या दोन काळांच्या सांध्यावरचा माणूस. २००८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी आला, २०२५ मध्ये गेला. १८ मोसम, एकच क्लब. पाठ, कोपराखालचे स्नायू, २०२३ च्या नोव्हेंबरात खांद्याची शस्त्रक्रिया, वर्षभराने गुडघा आणि पायाचा अंगठा. ८० चेंडूंवर थांबवलेल्या त्या २०२२ मध्येसुद्धा पाठीने दोनदा दगा दिला. वेग घटत गेला तसा तो डोक्याने टाकू लागला. २०२५ च्या जुलैमध्ये तीन हजारावा स्ट्राइकआउट घेतला, तोपर्यंत त्याच्या वेगवान चेंडूवर कोणत्याही संघाच्या शोधपथकाने नाक मुरडलं असतं. त्या शेवटच्या वर्षात अकरा विजय, दोन पराभव. वेगाच्या मागे धावणाऱ्या खेळाला याहून मोठी चपराक काय हवी?

त्याच्या प्लेऑफमधल्या अपयशावर लोकांनी वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलं. दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी साध्या मोसमात २.५३, ऑक्टोबरातल्या प्लेऑफमध्ये साडेचारच्या वर. २०१९ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध सलग दोन चेंडूंवर दोन होमरन बसले, तेव्हा तो स्वतःच म्हणाला की प्लेऑफबद्दल लोक म्हणतात ते सगळं आत्ता खरंच आहे. माणूस किती मोडला होता ते त्या वाक्यात कळतं. ‘मोठ्या सामन्यात कच खातो’ हा शिक्का मारणाऱ्यांनी मात्र दुसरा तक्ता पाहिला नाही. नेहमी चार दिवस विश्रांती घेऊन टाकणाऱ्या या पिचरला २०१३, १४, १५ आणि १६ या चारही वर्षांच्या डिव्हिजन सिरीजमध्ये (प्लेऑफच्या एका फेरीत) चौथ्या सामन्यात तीनच दिवसांनी उतरवलं होतं. त्यातले काही सामने त्याने जिंकूनही दिले. २०१६ मध्ये तर त्यानंतर एकच दिवस मध्ये सोडून शेवटचे दोन बळी घ्यायला पुन्हा बोलावलं. कधी हात दिला, कधी नाही. आपण धैर्य मोजतोय असं प्रेक्षक समजत होते. मोजला जात होता तो बऱ्याचदा थकवा.

इथे मुंबईकर म्हणून मला गप्प बसता येत नाही. मार्च २००६, वानखेडे, इंग्लंडविरुद्धची कसोटी. सचिन तेंडुलकर २१ चेंडूंत एक धाव काढून बाद झाला आणि परतताना स्टँडमधल्या काही लोकांनी त्याची हुर्यो उडवली. घरच्या मैदानावर! त्याच्या टेनिस एल्बोवर आदल्याच वर्षी शस्त्रक्रिया झाली होती. आणि त्या कसोटीनंतर काही दिवसांतच तो खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी लंडनला गेला. हुर्यो उडवणाऱ्यांना खांद्याचं माहीत नसेल, मान्य. पण माहीत नसताना आपण इतक्या खात्रीने बोलतो, यातच सगळं आलं.

जसप्रीत बुमराहचं प्रकरण ताजं आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीत पाठ धरली, त्याआधी त्या मालिकेत दीडशेवर षटकं टाकून झाली होती. मग इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोटी खेळणार हे आधी जाहीर झालं, आणि त्याने तीनच खेळल्या. ओव्हलवर मोहम्मद सिराजने पाचव्या कसोटीत जीव काढून सामना जिंकून दिला, तेव्हा सुनील गावसकर म्हणाले की ‘वर्कलोड’ हा शब्दच भारतीय क्रिकेटच्या कोशातून काढून टाका. सीमेवरचा जवान थंडीची तक्रार करतो का? बुमराहचा प्रश्न दुखापतीचा होता, हेही त्यांनी सांगितलं. गावसकरांशी वाद घालायचा म्हणजे आमच्या पिढीला जरा जडच जातं. पण हेल्मेटशिवाय वेस्ट इंडीजच्या तोफखान्यापुढे उभं राहिलेल्या माणसालाही हे सांगायला हवं की सिराज टिकला म्हणून सगळे टिकतील असं होत नाही. आणि जवानाची उपमा तर नकोच. तिथे देशाचं रक्षण असतं, इथे मालिकेचा निकाल आणि प्रक्षेपणाचे हक्क. बुमराहबाबत मंडळाने निदान एक गोष्ट नीट केली: आकडा आधी ठरवला, जगाला सांगितला आणि मालिका अटीतटीची झाली तरी पाळला. बेसबॉलमध्ये हार्वीच्या वेळी हेच झालं नव्हतं.

खेळाडूच्या अंगावर हक्क सांगणाऱ्यांत आणखी एक जण आहे, तो कधी स्टेडियमवर दिसत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्शॉला वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये अमेरिकेकडून खेळायचं होतं. जुन्या दुखापतींमुळे विम्याचं जमलं नाही आणि त्याला माघार घ्यावी लागली. तो निराश झाला, तसं त्याने बोलूनही दाखवलं. खेळाडूची इच्छा होती, प्रेक्षकांना आनंदच झाला असता, पण नकार आला कागदावरून. म्हणजे जोखमीचा हिशोब आधी मांडता येतो, आकडा काढता येतो, आणि तो आकडा सगळ्यांच्या इच्छेवर मात करू शकतो. पैसा अडकला की हे जमतं. मग हात अडकला असताना का जमू नये?

आता मूळ मुद्द्यावर येतो. कर्शॉला ८० चेंडूंवर शांतपणे बाहेर येणं जमलं, कारण तोवर सर्वोत्तम पिचरला मिळणारे तीन साय यंग पुरस्कार घरात होते आणि त्या एका वर्षाचा करार १७० लाख डॉलरचा होता. तो पगार जखमी झाला तरी मिळणार. त्याच्या जागी मायनर लीगमधला (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचा) विशीतला पोरगा ठेवून बघा. २०२३ मध्ये पहिला सामूहिक करार झाला, त्यानंतरही सर्वांत खालच्या पूर्ण मोसमी पातळीवर त्याचा वर्षाचा किमान पगार २६ हजार डॉलरच्या आसपास. हा पोरगा वरच्या पायरीवर जाणार तो ताशी ९८ मैल वेगाने टाकला तरच. तो ‘कोपर दुखतंय’ म्हणाला तर त्याची जागा घ्यायला शंभर जण तयार. त्याला संघभावनेचे धडे देणं मला क्रूर वाटतं. आपल्याकडचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोघे भालाफेकपटू २००८ मध्ये वेगाच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. निवड कशावर झाली? किती जोरात फेकता यावर. दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत.

त्याही खाली शाळकरी मुलं आहेत. अमेरिकेत २००७ ते २०११ या काळात कोपराच्या या शस्त्रक्रिया झालेल्यांत निम्म्याहून जास्त जण १५ ते १९ वयाचे होते, असं शल्यविशारदांच्या एका अभ्यासात दिसलं. पालक, खासगी कोच, वर्षभर चालणाऱ्या निवड-स्पर्धा, हातात वेग मोजायची बंदूक. तिथे ना डेव्ह रॉबर्ट्स असतो ना विमा कंपनी.

जपानने या बाबतीत जे भोगलंय ते वाचण्यासारखं आहे. कोशिएन ही तिथली शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे जवळजवळ धर्मकृत्य. १९९८ मध्ये दाइसुके मात्सुझाका या मुलाने एका सामन्यात १७ इनिंगमध्ये २५० चेंडू टाकले आणि देशाचा नायक झाला. २०१९ मध्ये इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात ओफुनातो शाळेच्या कोचने आपला सर्वांत वेगवान पिचर रोकी सासाकी याला मैदानात उतरवलंच नाही, कारण तो आदल्याच दिवशी पूर्ण सामना टाकून आला होता. शाळा १२-२ ने हरली, कोशिएन हुकलं. शाळेवर तक्रारींच्या फोनचा भडिमार झाला. देशभर वाद पेटला. २०२० पासून तिथे शाळकरी पिचरांना आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली. मर्यादा ढिली आहे, टीका होते, तरी आली तर खरी. एका कोचच्या हिमतीवर विसंबायची वेळ आता येत नाही.

तोच सासाकी, वय २०, एप्रिल २०२२ मध्ये परफेक्ट गेम टाकून गेला. पुढच्याच सामन्यात पुन्हा आठ इनिंग परफेक्ट, २४ पैकी २४ बाद, आणि मॅनेजरने त्याला १०२ चेंडूंवर बसवलं. तारीख १७ एप्रिल, मिनिआपोलिसनंतर चारच दिवसांनी. त्याचा संघ तर शेवटी सामनाही १-० ने हरला. २०२५ मध्ये तो डॉजर्समध्ये कर्शॉचा सहकारी झाला आणि मे महिन्यात खांद्याच्या तक्रारीने जखमींच्या यादीत गेला. एवढं जपूनही? हो, एवढं जपूनही.

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने स्टीफन स्ट्रासबर्गला मोसम संपायच्या आधीच ठरल्या मर्यादेवर थांबवलं, संघ प्लेऑफमध्ये हरला, लोकांनी बोटं मोडली. सात वर्षांनी तोच वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग २४५० लाख डॉलरचा करार झाला आणि त्यानंतर तो जेमतेम आठ सामने खेळू शकला. जपण्याने हात वाचतो अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण हमी नसणं हा वाऱ्यावर सोडण्याचा आधार कसा होतो? निर्णय चुकला तर तो शांत डोक्याने घेतलेला असावा, आरोळ्यांच्या दबावाखाली नव्हे, एवढीच मागणी आहे.

करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. शस्त्रक्रियेतून परतलेल्या पिचरची मोसमाची मर्यादा त्या खेळाडूने, क्लबने आणि क्लबच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरने मिळून वसंतातच ठरवावी, ती जाहीर व्हावी आणि प्लेऑफमध्येही मोडता येऊ नये. कोफॅक्सचे डॉक्टर डॉजर्सचेच होते. ते वाईट होते असं मी म्हणत नाही, पण ज्याच्या खिशातून फी येते त्याच्या वेळापत्रकाकडे डोळा जातोच. अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याच्या दुखापतीसाठी संघाबाहेरचा तज्ज्ञ मैदानाच्या कडेला उभा असतो. कोपर आणि खांद्याला तो का नसावा? दुसरी गोष्ट म्हणजे संघात १३ पिचर ठेवण्याची मुभा कमी करणं. बुलपेनमध्ये आठ ताजे हात बसलेले आहेत तोवर प्रत्येकाने जीव तोडूनच टाकायचं हे ठरलेलं. सुरुवातीच्या पिचरने किमान सहा इनिंग टाकाव्यात अशा नियमाचीही चर्चा मेजर लीगमध्ये झाली आहे, दुखापत किंवा शंभर चेंडू वगैरे अपवाद ठेवून. नियम वरवर उलटा वाटतो, जास्त टाकायला लावणारा. पण सहा इनिंग टिकायचं असेल तर हात राखून टाकावंच लागेल, आणि राखून टाकता येणाऱ्यालाच संघात भाव येईल. वेगाचं वेड नियमाने उतरवायला हवं, उपदेशाने उतरत नाही.

प्रेक्षकांनाही यात फायदा आहे. मर्यादा आधी जाहीर असेल तर ८० चेंडूंनंतर पिचर बाहेर आला की कोणाच्या नावाने खडे फोडायची गरज उरत नाही. तिकीट काढतानाच ठाऊक असेल. आणि नऊ इनिंग टाकू शकणारे पिचर पुन्हा घडू लागले, तर परफेक्ट गेम दिसण्याची शक्यताही वाढेल.

मालक आणि खेळाडूंच्या संघटनेमधला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. बोलणी पगाराच्या कमाल मर्यादेवर अडणार, पुन्हा टाळं लागणार, असे अंदाज आत्तापासून बांधले जात आहेत. मालक तिजोरीची चिंता करतील, संघटना करोडपतींच्या करारांची. मायनर लीगच्या पोरांचा करार वेगळा आहे आणि शाळकरी मुलांचा तर कुठलाच करार नाही. या टेबलावर कोपराचा विषय कोणी मांडायचा असेल तर तो १८ वर्षं खेळून, पाच-सहा दुखापती पचवून, आता कोणाचंही देणं नसलेल्या माणसाने मांडावा. कर्शॉने २०२२ मध्ये मॅनेजरची बाजू घेतली ती त्याच्या एकट्याच्या खांद्यापुरती होती. तेवढ्याच ठामपणे त्याने ९८ मैलांवाल्या त्या अनोळखी पोरांसाठी बोलावं, आणि संघटनेने ते पगाराच्या मागण्यांच्या वर लिहून घ्यावं.